चेअरमनबाईंचा बिननाडीचा परकर

कमरेला टेप लागला की बाई पोट आत ओढते. तहसील कचेरीतली मॅडम ओढते, बारावीची पोरगी ओढते, आणि नातवंडं खेळवणारी आजीबाईसुद्धा छताकडे बघत श्वास कोंडून उभी राहते. त्या मापाने ब्लाउज शिवला तर पहिल्याच जेवणाला हुक उडणार आणि नाव शिंपिणीचं खराब होणार. म्हणून मी माप घेताना गोष्टी सांगते. कोणाची सवत कोणाला काय म्हणाली, कोणाचा नवरा बीडच्या एसटी स्टँडवर दुसऱ्याच बाईच्या पिशव्या कशा उचलून चालायला लागला. बाई हसते, पोट जागेवर येतं आणि मी टेप वाचते. शिलाईचं प्रमाणपत्र मला सरकारने दिलं. हे दुसरं शिक्षण गावाने दिलं.

माझं दुकान म्हणजे आमच्या वस्तीत विहारासमोर एक पत्र्याची खोली. तीत पायमशीन, एक टेबल आणि एक आरसा. आरशाला मधोमध चीर आहे, त्यामुळे सगळ्याच गिऱ्हाइकांना आपण थोड्या बारीक दिसतो, म्हणून तो मी बदललेला नाही. गाव केज तालुक्यातलं. युसूफ वडगावच्या बाजाराला चालत जाऊन जेवायच्या वेळेपर्यंत परत येता येतं. शाळेतल्या एक बाई दर दिवाळीला कापड आणतात आणि म्हणतात, "शालनताई, मागच्यासारखंच शिवा, पण वेगळं." एवढी वर्षं झाली, त्यांना काय हवंय ते मला कळलेलं नाही. त्या मात्र दरवेळी खूश होऊन जातात. असा हा धंदा.

पण बाहेरची माणसं भेटली की मला एकाच परकराची गोष्ट सांगायला लावतात. ती आज नीट लिहून काढते, कारण तोंडी सांगताना प्रत्येक जण आपल्या पदरचं घालतो. मीसुद्धा.

तेव्हा दुष्काळ होता. विहिरींचा तळ दिसत होता, गावात टँकर यायचा आणि बहुतेक गुरं चारा छावणीला होती. दुष्काळात लोक नवीन शिवत नाहीत, जुनं घेऊन येतात, सैल करायला किंवा आवळायला. बहुतेक आवळायलाच. अशा दिवसांत आमच्या गावात एक गोष्ट मात्र चालू होती, ती म्हणजे बायकांची दूध संस्था. ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीत रोज सकाळ-संध्याकाळ कॅन भरायचे. ज्या घरात पिकाचा दाणा नव्हता, त्या घरात छावणीच्या चाऱ्यावर का होईना, एका म्हशीचं दूध निघायचं आणि त्यावर चूल पेटायची. माझीही एक म्हैस होती, म्हणजे मीही सभासद होते.

संस्थेच्या चेअरमन होत्या कौसाबाई. मोठ्या शेतकरी घरातली बाई. उंच, रुंद, आवाज असा की म्हैस पान्हा चोरायची हिंमत करणार नाही. मी त्यांना काकू म्हणायचे. संस्था त्यांनीच उभी केली होती, दारोदार फिरून, आमच्या वस्तीतही येऊन. उपाध्यक्ष होत्या लताबाई. दिसायला नाजूक, बोलायला धारदार. त्यांच्या दिराचं स्वतःचं खाजगी दूध संकलन होतं, आणि संस्था बंद पडली की गावचं सगळं दूध त्याच्याकडे जाणार हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. लताबाईंनी वार्षिक सभेसाठी ठराव दिला होता: चाराटंचाई आहे, पाऊस पडेपर्यंत संस्था बंद ठेवावी. गावाकडे एकदा बंद झालेली संस्था पावसाने उघडत नसते, तिच्या खोलीत खताची पोती येऊन पडतात.

आणि नेमकं तेव्हाच कौसाकाकूंचं ऑपरेशन झालं. गर्भाची पिशवी काढली. पोटावर बेंबीपासून खाली उभे टाके. डॉक्टरने सांगितलं, पोट आवळायचं नाही. म्हणजे परकराची नाडी बांधायची नाही. म्हणजे साडी नेसायची नाही. म्हणजे घराबाहेर पडायचं नाही. गावात बातमी पसरली की चेअरमनबाई आता अंथरुणातून उठत नाहीत, सभा उपाध्यक्षच चालवतील.

काकूंनी मला बोलावणं पाठवलं. तोवर मी त्यांच्या घरी ओट्यापर्यंत गेले होते, त्या दिवशी पहिल्यांदा माजघरात गेले. टेपला जातपात नसते, टेप धरणाऱ्या हाताला असते, हे या धंद्यात लवकर कळतं. पण काकूंनी काही विचारलं नाही, मीही नाही. त्या खाटेवर गाऊन घालून बसल्या होत्या. त्या गाऊनवर जांभळी फुलं होती आणि त्यांच्यात बसलेल्या काकू जप्त करून आणलेल्या दिसत होत्या.

"शालन, मला नाडीशिवाय परकर शिव."

मी म्हणाले, "काकू, नाडीशिवाय परकर म्हंजी मुकादमाशिवाय ऊसतोडीची टोळी. ऐन हंगामात पळून जायची."

"मग इलास्टिक घाल."

"नाडी एका जागी टोचती. इलास्टिक चहूकडून चावतं."

सुनेने मधे तोंड घातलं, की आत्या, गाऊनवर ओढणी घेऊन सभेला गेलं तर काय बिघडतं. काकूंनी तिच्याकडे असं पाहिलं की ती चहा टाकायला निघून गेली.

"गाऊनवर चेअरमन बघितलाय का कुठं? लोकं म्हनतील, दवाखान्यातून पळून आली." मग आवाज उतरला. "मी साडीत, माझ्या पायावर त्या सभेत गेले न्हाई, तर संस्था गेली. तुला कळतंय ना?"

मला कळत होतं. माझ्या म्हशीलाही कळत असावं.

आता थोडं कापडाबद्दल सांगते. शिलाई न येणाऱ्यांनी घाबरू नये. परकराचं पॉपलीन मागावरचं असतं. उभे धागे, आडवे धागे, सासू-सुनेसारखे एकमेकांना अडवून धरलेले. ते ताणत नाही, ताणलं तर फाटतं. बनियनचं कापड वेगळं. त्यात एकाच धाग्याचे फास एकमेकांत अडकवलेले असतात, स्वेटरसारखे. ओढलं की येतं, सोडलं की परत जातं. परकर पोटाला धरून राहावा पण आवळू नये, तर तो या कापडाचाच हवा. बीडच्या बाजारात हे कापड तुकड्यांत आणि किलोवर मिळतं. दुकानदार वांगी तोलावीत तसं तोलून देतो. मी पांढरं घेतलं.

हे कापड कापायच्या आधी पाण्यातून काढावंच लागतं. नाहीतर पहिल्या धुण्याला आटतं आणि बाई आत अडकते. पण टँकरचं पाणी म्हणजे सोनं. कापड भिजवायला बादली मागायची कोणाच्या तोंडाने? काकू म्हणाल्या, म्हशीच्या वाट्याची बादली घे, आधी कापडाला, मग म्हशीला. पांढरं कापड, रंग जाण्याचं भय नाही. मी भिजवलं, पिळलं, आणि बादली काकूंच्या घरच्या म्हशीपुढे ठेवली. तिने वास घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. खळीचा वास असेल. काकू आतून ओरडल्या, "पी गं, चेअरमनचा परकर हाय." ती प्याली.

आमच्या शिवणवर्गात सहा कळ्यांचा परकर कागदावर आखून शिकवायचे. या परकराला कागदच नव्हता. कोणी असा शिवलेला मी पाहिला नव्हता. तेव्हा पहिला परकर मी सवयीने कापला. तुकडा रुंदीला मोठा आणि लांबीला आखूड होता, त्यामुळे वाया जाऊ नये म्हणून आडवा फिरवून घेतला. मागावरच्या कापडाला असं चालून जातं. बनियनच्या कापडाला चालत नाही, कारण ते एकाच बाजूला जास्त ताणतं. ती बाजू मी आडवी ठेवायच्या ऐवजी वरून खाली ठेवली.

काकूंनी घातला. उभ्या राहिल्या तेव्हा घोट्यावर होता. खोलीत चार फेऱ्या मारल्या तर टाचेखाली आला. परकर त्यांच्या डोळ्यांदेखत वाढत होता. मग त्या खाटेवर बसायला गेल्या आणि बाजूची शिवण तटातट उसवली, कारण रुंदीला कापड काही येत नव्हतं आणि मी टाके घातले होते साधे, सरळ.

"शालन," काकू बसल्या जागेवरून म्हणाल्या, "ह्यो परकर हाय का सायकलीची टूब?"

मी हसले आणि त्याही हसू लागल्या, पण टाके दुखले म्हणून थांबल्या. हसवू नको, असं त्यांनी बजावलं. माझं अर्धं कसब तिथेच संपलं.

दुसरा परकर मी डोकं लावून कापला. कोणाला घरी करायचा असेल तर ऐका. कापड दोन्ही हातांत धरून आधी उभं ओढा, मग आडवं. जिकडे जास्त येतं ती बाजू कमरेभोवती ठेवा. माप उभ्याचं घेऊ नका, बसवून घ्या. बसल्यावर बाईची सीट, म्हणजे बुडाचा घेर, पसरते, आणि बाई दिवसभर बसते-उठते, आरशासमोर उभी राहत नाही. त्या मापापेक्षा किंचित कमी कापा, कापड उरलेलं स्वतः भरून काढतं. बाजू खाली थोडी उघडत न्या, म्हणजे पाऊल पडेल. कमरेला नेफा नको. त्याच कापडाची वीतभर रुंद दुहेरी पट्टी करा, कमरेहून जराशी कमी, आणि ती चार ठिकाणी टाचून बाकीची ओढत ओढत लावा. रुंद पट्टीचा भार सगळ्या पोटावर पसरतो, एका जागी बसत नाही. शिवताना कापड पुढून-मागून हलकेच ताणून धरा, म्हणजे टाकाही सोबत ताणेल. साध्या सुईने टाके सुटतात, गोल टोकाची सुई आणा. खालची कड दुमडली नाही तरी चालते, या कापडाचे धागे निघत नाहीत.

तो परकर घालून काकू माजघरातून ओसरीत गेल्या, ओसरीतून गोठ्यात, तिथे खाली बसल्या, उठल्या आणि परत आल्या. वरून सुती साडी नेसली होती, निऱ्या पट्टीत खोचल्या होत्या. साडी जागच्या जागी. मी विचारलं, कसं वाटतंय.

"काईच वाटत न्हाई गं," त्या म्हणाल्या. "घातलाय असं वाटतच न्हाई."

शिंपिणीला याहून मोठं बक्षीस नाही. मी बजावून सांगितलं, काकू, सभेला अशीच सुती साडी नेसा. त्या हो म्हणाल्या.

सभा शाळेच्या हॉलमध्ये होती. सहकार खात्याचे एक साहेब देखरेखीला आले होते. मी तिसऱ्या रांगेत बसले आणि दारातून काकू आल्या. हॉलमध्ये कुजबुज झाली, कारण अंथरुणातून न उठणारी बाई ताठ चालत आली होती. पण ती गुळगुळीत, चमकणारी, मोरपंखी साडी नेसून आली होती. लेकीने दिलेली. नंतर विचारलं तेव्हा म्हणाल्या, "सुती नेसले असते तर लोकं म्हनली असती, आजारीच हाय."

बनियनचं कापड आणि असली साडी म्हणजे तेलावर तेल. नाडी असती तर कापड घट्ट दाबून धरलं असतं. आमची पट्टी मऊ. बसून होत्या तोवर ठीक होतं. चाऱ्यावर बोलायला त्या उभ्या राहिल्या आणि दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला त्यांचा डावा हात कमरेवर गेला. लोकांना वाटलं, दुखतंय. मला दिसलं की निऱ्या वर धरल्या आहेत. मग बोलता बोलता उजवा हात मागे गेला, आणि त्यांनी सगळ्या सभेवरून नजर फिरवून ती माझ्यावर आणून ठेवली.

मी पाण्याची बाटली उचलली आणि सरळ मंचावर गेले. बाटली टेबलावर ठेवली, त्यांच्या मागे खाली बसले आणि दोन्ही मुठींत त्यांची साडी परकरासकट धरली, एक मूठ उजवीकडे, एक डावीकडे. टेबलाला कापड लावलेलं असल्याने समोरून फारसं दिसत नव्हतं. साहेबांना मात्र बाजूने दिसत होतं.

"या कोण?" त्यांनी विचारलं.

"माझ्या पीए हायत," काकू म्हणाल्या.

साहेबांनी पुढे विचारलं नाही. दूध संस्थेच्या चेअरमनला पीए असते का, हे बहुतेक त्यांनाही पाठ नसावं. ते म्हणाले, अध्यक्षांनी पुढे येऊन ठराव वाचावा. माईक मंचाच्या कडेला स्टँडवर होता. पुढे जायचं म्हणजे आमची वरात निघणार, काकू पुढे आणि मी मागे बेडूकउड्या मारत. काकू थिजल्या. एवढ्यात लताबाई उठल्या, स्टँडवरून माईक काढला आणि टेबलावर आणून ठेवला. मला वाटलं, बाईला घाई झालीय संस्था बंद करायची.

ठराव वाचला गेला. बंद ठेवावी म्हणणाऱ्यांनी हात वर करा. हात वर झाले, साहेबांनी मोजले. बंद ठेवू नये म्हणणाऱ्यांनी हात वर करा.

मी खालून म्हणाले, "काकू, माझं मत."

"मत गेलं चुलीत," काकू ओठ न हलवता म्हणाल्या. "तू धर."

साहेबांनी मोजलं, पुन्हा मोजलं. बरोबरी. माझा एक हात वर असता तर संस्था तिथेच जिंकली असती. पण माझा एक हात वर असता तर संस्थेची चेअरमन तिथेच, असो. साहेब म्हणाले, अध्यक्षांनी आतापर्यंत मत दिलेलं नाही, बरोबरी झाल्यास त्यांचं मत निर्णायक.

काकूंनी आधी खाली माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मग त्यांनी कमरेवरचा हात काढला, आणि दुसराही काढला, आणि दोन्ही हात छताकडे नेले. साडी माझ्या मुठींत होती, हलली नाही.

साहेब म्हणाले, एकच हात पुरे आहे.

"दुष्काळ हाय साहेब," काकू म्हणाल्या. "जास्तीचा असू द्या."

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. आभार झाले, चहा झाला, लोक पांगले. आम्ही दोघी मंचावर तशाच. सुनेने येऊन मागून साडी नीट केली तेव्हा माझी बोटं उघडेनात.

दुसऱ्या दिवशी काकूंनी स्वतःच यावर उपाय शोधला, तोही चुकून. घाईत परकर उलटा घातला. बनियनच्या कापडाची आतली बाजू जरा खरखरीत असते. ती बाहेर आली आणि साडी तिला जी चिकटली ती सुटेना, आणि गुळगुळीत बाजू पोटाला लागली, टाक्यांना मऊ. मी आयुष्यभर लोकांना कापडाची सुलटी बाजू बाहेर ठेवायला शिकवलं. तेव्हापासून हा एक परकर मी उलटाच शिवते.

मग बायका येऊ लागल्या. आधी वाटलं, गंमत म्हणून येतात. माप घ्यायला बसवलं की नाडीची गाठ सोडायच्या आणि खाली तसेच उभे टाके दिसायचे. ऊसतोडीला जाणाऱ्या, न जाणाऱ्या, तिशीतल्यासुद्धा. इतकी वर्षं मी या गावाची मापं घेत होते, पण ब्लाउजची. कमरेखाली काय आहे ते कोणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. डोक्यावर हंडा, कडेवर कळशी, आणि खाली त्याच जखमेवर रोज नाडीची गाठ. त्या दिवसांत माझ्या गोष्टी जरा कमी झाल्या.

एका दुपारी मागच्या दाराने लताबाई आल्या. दार लावून घेतलं.

"चेअरमनबाईला शिवला तो मला शिव."

माझी जीभ आवरली नाही. मी म्हणाले, "वैनी, तो परकर तुमच्या विरोधात हाय."

त्या हसल्या नाहीत. स्टुलावर बसल्या आणि गाठ सोडली. टाके जुने होते, पण नाडी बसते तिथली कातडी काळी पडून जाड झाली होती.

"तीन वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "भाईर कुणाला सांगितलं न्हाई."

मी टेप घेतला. माप घेताना त्या भिंतीकडे बघत होत्या. मग भिंतीलाच सांगितल्यासारखं म्हणाल्या, "तिचा हात कमरेवर गेला तवाच मला कळलं. तू मागं बसलेली बी दिसत व्हती."

"मग बोलला कावून न्हाई? साहेबांनी पुढं बोलावलंच होतं, तुम्ही नुसतं बसून राहिला असता तरी संस्था तुमची होती."

"म्हनून तर माईक नेऊन दिला."

मी टेप गुंडाळून ठेवला. त्या उठल्या, गाठ बांधली, पदर सारखा केला, आणि पुन्हा नेहमीच्या धारेने म्हणाल्या, "परकराला वरून नाडी लाव. खोटी. वाळत घातला की आमच्या आळीला दिसली पायजे."

मी लाल नाडी लावली, पुढे दोन गोंडे सोडून. ती काही बांधत नाही, नुसती लोंबते. संस्था अजून चालू आहे, काकू आता थकल्या आहेत, आणि दरवर्षी सभेत लताबाई उठून काकूंच्या विरोधात बोलतात. खूप वेळ बोलतात, उभं राहून, दोन्ही हात मोकळे सोडून.